लक्षाने नजरेला धार येते

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखासोबत एक संस्कृत लेखही कोरलेला आहे. फारुकी सुलतान आदिलशहाच्या कारकिर्दीतला, शके १५११चा. कमानी पाहायला आलेला माणूस त्याच्याजवळून सहज निघून जातो. सोबतच्याने बोट दाखवलं की त्याला देवनागरी अक्षरं दिसू लागतात. डोळे तेच, उजेड तोच.

यावरचा आक्षेप ठरलेला आहे. लक्षामुळे दिसलेलं ध्यानात येतं, इतकंच. बारीक दिसणं हे डोळ्यातल्या भिंगाचं आणि पडद्याचं काम.

आक्षेप वजनदार आहे, पण टिकत नाही. याएल येशुरून आणि मारिसा कारास्को यांचा १९९८ साली ‘नेचर’मध्ये आलेला प्रयोग त्याला थेट उत्तर देतो. बारीक रेघांनी भरलेला पोत क्षणभर झळके. त्यातला वेगळ्या दिशेच्या रेघांचा तुकडा हेरायचा. तो कुठे येणार याची खूण किंचित आधी चमके, पण डोळा तिकडे वळायला वेळ उरत नसे. नजरेच्या कडेला या खुणेचा फायदा झाला. ऐन मध्यावर मात्र तोटा झाला!

हा तोटाच खरा पुरावा. लक्षाने नुसती सावधगिरी वाढली असती, तर मध्यावर बिघडण्याचं कारण नव्हतं. तिथे नजर मुळातच इतकी बारीक, की पोताऐवजी सुट्या रेघा हाती लागतात. लक्षाने ती आणखी बारीक केली. लुगड्याला नाक लावलं की ताणाबाणा दिसतो आणि बुट्टी हरवते, तसं हे.

म्हणून त्राटकाने, म्हणजे एकटक पाहण्याच्या योगाभ्यासाने, चष्मा उतरतो, असं कुणी समजू नये. डोळ्याचा गोल लांबल्यामुळे पडद्याच्या अलीकडे पडणारी प्रतिमा लक्ष दिल्याने मागे सरकत नाही. तिथे चष्माच हवा.

पण चष्म्याने सगळं भागत नाही, हे बुऱ्हाणपूरच्या यंत्रमागांवर कळतं. एकच विणकर अनेक माग सांभाळतो. एकीकडे धोट्यातली कांडी संपत आलेली, दुसरीकडे ताण्याची तार तुटलेली. हात लांब केल्यावर अंगठ्याचं नख जेवढं दिसतं, साधारण तेवढ्याच भागात नजर लख्ख असते. त्याबाहेर लक्षाचाच आधार, आणि तेही मागामागांत वाटलेलं. कापडात दोष निघाला की ‘डोळे फुटले होते का?’ असं त्याला विचारणं हा अन्याय आहे. त्याचे डोळे जरूर तपासावेत, आणि त्याच्याकडे किती माग दिले आहेत तेही मोजावं.