गॅस भरणं म्हणजे एसी दुरुस्ती नव्हे

ऊन तापलं की जुन्या जीपवाल्यांची एसीच्या दुकानापुढं रांग लागते. मिस्त्री बॉनेट उघडतो आणि सांगतो, "दादा, गॅस संपलाय." गॅस भरला, पैसे घेतले. महिन्यात परत गरम हवा!

माझं स्पष्ट मत, ही दुरुस्ती नाही, लूट आहे. एसीचा गॅस डिझेलसारखा जळत नाही. तोच गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळतोय. पंक्चर न काढता नुसती हवा मारण्यातला हा प्रकार. शेतरस्त्याच्या हादऱ्यांनी जोड ढिले होतात, जुन्या ओ-रिंगा कडक पडतात. गॅसबरोबर तेलही जातं, मग कॉम्प्रेसर जाम, आणि खर्च कितीतरी पट.

मिस्त्री म्हणतात गिऱ्हाईक घाईत असतं. असू दे. आधी नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाच्या फेसानं जोड तपासा. लाइन उघडली तर ड्रायर नवा टाका, व्हॅक्यूम करा, मगच गॅस, तोही वजन करून. फार जुन्या एसीत आर-१२ गॅस असायचा. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारामुळं तो बंद झाला. आता आर-१३४ए भरायचा तर तेलही बदलावंच लागतं.

आणि गॅसला दोष देण्याआधी रेडिएटरपुढची कंडेन्सरची जाळी बघा. धूळ-भुसा बसला की थंडावा पडतो. हलक्या पाण्यानं धुवा, ते फुकट आहे.

गळती कुठं होती ते बिलावर लिहून मागा. लिहीत नसेल तर दुसरा मिस्त्री गाठा.