आईची पिशवी आणि आपला अर्थसंकल्प

मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार



1966 साली मी दहा वर्षांचा होतो. रेशनच्या रांगेत पिशवी धरून उभं राहायचं काम माझ्याकडे असे. मिळायचा तो पीएल-480 या अन्नमदत कायद्याखाली आलेला अमेरिकेचा तांबडा गहू. त्याच्या पोळ्या चामट होत. आई त्या आमटीत कुस्करून वाढायची. तो गहू घेऊन येणारी जहाजं सोडायची की नाही, हे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन त्या काळात महिन्या-महिन्यानं ठरवत होते, हे फार पुढं वाचनात आलं. आपण शेतीचं धोरण बदलावं हा त्यांचा आग्रह होता, आणि व्हिएतनामवरची आपली टीका त्यांना खुपत होती.

आज आपण देणाऱ्यांत आहोत, याचा मला मनापासून अभिमान आहे. 28 मार्च 2025 ला म्यानमार भूकंपानं हादरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपलं विमान यांगूनला उतरलं. श्रीलंकेत 1990 हा नंबर फिरवला की येणारी रुग्णवाहिका आपल्या अनुदानातून सुरू झाली. असं काही वाचलं की बरं वाटतं.

पण अर्थसंकल्पातले परदेशी मदतीचे आकडे वाचताना मी अडखळतो. मालदीवसाठी जुलै 2024 मध्ये 400 कोटींची तरतूद होती, फेब्रुवारी 2025 मध्ये ती 600 कोटी झाली. मधल्या काळात तिथल्या लोकांची गरज वाढली, की दोन सरकारांमधला अबोला संपला? 2025-26 साठी भूतानला अनुदान आणि कर्ज मिळून 2,150 कोटी, अफगाणिस्तानला 100 कोटी. भूतानची लोकसंख्या आठ लाखांच्या आत, आणि डिसेंबर 2023 मध्ये तो देश अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेरही पडला. अफगाणिस्तानात चार कोटींवर माणसं आहेत.

भूतानला देऊ नका, असं मी म्हणत नाही. तिथले जलविद्युत प्रकल्प आपण उभारतो, त्यांची वीज आपल्याकडे येते, आणि सीमेवरचा डोकलामचा चीनशी झालेला पेच कुणी विसरलेलं नाही. ही कारणं खरी आहेत, रास्तही आहेत. मग ती आकड्याशेजारी लिहा. किती रक्कम सुरक्षेसाठी, किती वीज-व्यापारासाठी आणि किती निव्वळ माणसाच्या गरजेपोटी, हे संसदेपुढे वेगवेगळं मांडा. मदत कुणाला आणि का द्यायची, याचा कायदा ब्रिटननं 2002 मध्ये केला; आपल्याकडे अजून नाही.

आणखी एक मागणं आहे, माझ्या दृष्टीनं मोठं. औषधं, धान्य आणि दवाखाने यांचे पैसे निदान तीन वर्षांसाठी आधीच बांधून ठेवा. मदत घेणाऱ्या देशातलं सरकार रुसलं, बदललं, दुसऱ्याच्या गोटात गेलं, तरी त्या पैशांना हात लागू नये. काबूलच्या इंदिरा गांधी बालरुग्णालयात लेकराला मांडीवर घेऊन बसलेल्या आईला दिल्लीशी काय बिनसलंय, हे कुठून कळणार? जॉन्सनसाहेबांचं काय बिनसलं होतं, ते माझ्या आईलाही ठाऊक नव्हतं. मी घरी आलो की ती पिशवी हातात तोलून बघायची आणि विचारायची, पुढच्या खेपेला देणार म्हणाले का रे?

आपला,
एक ज्येष्ठ नागरिक, सातारा