कपाटातली वाद्यं, गळ्यातलं गाणं

बालमित्रांनो, मागच्या महिन्यात आमच्या चौथीच्या वर्गाची सहल पुण्याला गेली होती. शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघायला. आत शिरल्याबरोबर नुसता गलका! "बाई, हा अडकित्ता बघा, घोड्यासारखा!" "बाई, ही वज्री! पाय घासायला एवढी नक्षी?"

हा सगळा खजिना कुणा राजाचा नव्हे बरं का! दिनकर गंगाधर केळकर नावाच्या एका माणसानं तो जमवला. ते 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहीत. गावोगाव हिंडायचं, जुन्या वाड्यांमधून दिवे, कुलपं, दौती, दरवाजे शोधायचे, असं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. वस्तू वीस हजारांच्या घरात गेल्या! त्यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला. त्याचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं आणि १९७५ साली सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला.

वाद्यांच्या कपाटाशी मात्र एक मुलगी गप्प उभी होती. म्हणाली, "बाई, ही वाद्यं वाजत का नाहीत?"

छान प्रश्न! मी म्हटलं, "अगं, वाद्य कपाटात राहतं. गाणं नाही राहत. ते एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जावं लागतं."

मग तिथेच पायरीवर बसून मी मुलांना भीमसेन जोशींची गोष्ट सांगितली. १९३३ साली, अवघ्या अकराव्या वर्षी, हा मुलगा गाणं शिकायला गुरू हवा म्हणून घरातून निघून गेला! खूप भटकला. शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे पोचला. गुरूंच्या घरी पाणी भरलं, कामं केली आणि गाणं शिकला. गुरू १९५२ साली गेले. पुढच्याच वर्षी, १९५३ला, त्यांच्या आठवणीसाठी पुण्यात संगीत महोत्सव सुरू झाला. तो आजही डिसेंबरात भरतो. भीमसेनजींना पुढे भारतरत्न मिळालं. २०११ साली तेही गेले, पण त्यांच्या शिष्यांच्या गळ्यात ते गाणं आहेच.

गोष्ट संपली, आणि मलाच चुटपुट लागली. माझी आजी पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची. मी गोधडीत पडून ऐकायची. उद्या लिहून घेऊ, सुट्टीत लिहून घेऊ, असं म्हणत राहिले. आजी गेली. जातं अजून आमच्या परसात आहे, त्यावर तुळशीची कुंडी ठेवली आहे. पण ओव्या? मला जेमतेम दोन आठवतात, त्याही अर्ध्याच.

म्हणून या आठवड्याचा गृहपाठ. घाबरू नका, मार्क नाहीत! आजी, आजोबा, शेजारच्या काकू, कुणाकडून तरी एक जुनं गाणं ऐका. ओवी, अंगाई, भोंडल्याचं गाणं, काहीही. वहीत उतरवून घ्या. आणि नुसतं लिहू नका हं, चालीसकट म्हणायलाही शिका. आई-बाबांनो, तुम्हीही जरा मुलांबरोबर बसा. तुम्हालाही एखादं आठवेल.

वही कपाटात ठेवा, गाणं गळ्यात ठेवा. भेटू पुढच्या आठवड्यात!

तुमच्या बाई