खर्जाविना ठेका

संगणकाला जोडायच्या स्वस्त स्पीकरच्या जाहिरातींत ‘पीएमपीओ’ या अक्षरांपुढे हजारो वॅटचे आकडे झळकतात, ही ग्राहकाची उघड दिशाभूल आहे. कारण हे माप निमिषमात्र टिकणाऱ्या कल्पित शक्तीचे असून ते मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नाही, तर सलग वाजण्याची क्षमता ‘आरएमएस’ या मापाने सांगितली जाते, आणि साध्या यूएसबी 2.0 जोडणीतून वीज घेणाऱ्या स्पीकरला 5 व्होल्टवर 500 मिलिअँपिअर, म्हणजे अवघे अडीच वॅट मिळतात.

परंतु खरी मर्यादा आकारमानाची आहे. लहान खोके, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र साधत नाहीत, असे हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो. स्वर एक सप्तक खाली उतरला की हवेत तितकाच दाब निर्माण करण्यासाठी स्पीकरच्या पडद्याला चौपट मागेपुढे हलावे लागते; दोन इंची पडद्याला ते झेपत नाही आणि सुमारे 150 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 150 कंपनांच्या, खाली त्याचा आवाज झपाट्याने क्षीण होतो.

तंबोऱ्याच्या जवारीचे, म्हणजे घोडीवर तारेखाली दोरा सरकवून साधल्या जाणाऱ्या गुंजनाचे, उदाहरण येथे उपयोगी पडते. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे 69 हर्ट्झला कंप पावते. हा मूळ स्वर लहान स्पीकरमधून जवळजवळ उमटत नसला, तरी जवारीमुळे त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्यांचे उपस्वर इतके समृद्ध असतात की श्रवणयंत्रणा त्यांवरून खर्ज ताडते आणि श्रोत्याला तो भासतो.

तबल्याच्या जोडीतील डग्ग्याच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920 मध्ये भारतीय चर्मवाद्यांतील सुसंवादी उपस्वरांचा उलगडा केला तो मध्यभागी शाई, म्हणजे काळा लेप, असलेल्या पुडीचा. डग्ग्याची शाई एका बाजूला असते आणि त्याचा गुंजणारा नाद प्रामुख्याने खालच्या कंपनांतच वसतो. तो गळाला की ‘धा’मधील ‘गे’ नाहीसा होऊन उरतो केवळ चाटीवरचा ‘ना’, आणि तीनतालाची खाली-भरी, जी डग्ग्याच्या असण्या-नसण्यावरच उभी आहे, पुसट होते. सोळाही मात्रा जणू खालीतच वाजतात. ही हानी तालाच्या व्याकरणाची आहे.

त्यावर उपाय म्हणून विकले जाणारे स्वस्त ‘2.1’ संच, ज्यांत खर्जासाठी वेगळे खोके असते, पुष्कळदा दुसरा दोष निर्माण करतात: खोक्याची छिद्रनळी एकाच कंपनसंख्येला घुमते, त्यामुळे तळहाताच्या दाबाने डग्ग्यावर काढलेली मींड एकाच गडगडाटात बुडते. तेवढ्याच पैशांत थोडा मोठा पडदा आणि जाड लाकडी खोके असलेली साधी जोडी अधिक प्रामाणिक ठरते. ती भिंतीलगत ठेवल्यास खर्जाला आधारही मिळतो. खरेदीपूर्वी दुकानात विलंबित तीनतालाचे परिचित ध्वनिमुद्रण मंद आवाजात लावून, खालीच्या भागात डग्गा थांबल्याचे कानाला कळते की नाही, एवढे तपासावे.