विश्लेषण : गोंदिया-मुंबई आकाशातून ८२० किमी, मग आठ तास कशाला?

दोन शहरांतील हवाई अंतर आणि उड्डाणाची वेळ मोबाइलवर क्षणात कळते. गोंदिया-मुंबई हे अंतर सुमारे ८२० किलोमीटर दाखवले जाते. जेट विमानाला ते दीड तासाचे काम. प्रत्यक्षात मंत्रालयात काम असलेला राइस मिलवाला किंवा परळच्या टाटा रुग्णालयात निघालेला रुग्ण या आकड्यावर विसंबला तर फसतो.

हवाई अंतर म्हणजे नेमके काय?

पृथ्वीच्या गोलाईवरून दोन ठिकाणांना जोडणारी सर्वांत जवळची रेषा. विमान अगदी या रेषेवरून उडत नाही. ठरलेले हवाई मार्ग, उतरण्याची दिशा, धावपट्टीसाठीची रांग यांनी अंतर वाढते. वेळापत्रकातील वेळ तर चाकांना लावलेले ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतची असते. बिरसीसारख्या विमानतळाला साजेसे एटीआर ७२ विमान ताशी सुमारे ५०० किमी वेगाने जाते. म्हणजे मुंबई गाठायला त्याला दोन तास, आणि हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारा वारा समोरून असल्याने जाताना थोडे जास्तच. येताना तोच वारा पाठीशी.

मग आठ तास कसे होतात?

थेट विमान नसेल तर नागपूर गाठावे लागते. रस्त्याने तीन तास, विमानतळावर दीड तास आधी, उड्डाण दीड तास, सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास आणि मुंबईच्या गर्दीतून पुढे किमान एक तास. बेरीज साडेसात-आठ तासांची. दुपारी गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस सुमारे सोळा तास घेते, पण त्यातली रात्र झोपेत जाते आणि सकाळी माणूस मुंबईत असतो. हॉटेलचा खर्चही वाचतो. अनेकांसाठी रेल्वेच जवळची ठरते ती यामुळे.

बिरसीहून थेट सेवा का नाही?

धावपट्टीची अडचण नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील या विमानतळावर राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेची विमाने घिरट्या घालतच असतात. प्रश्न प्रवाशांचा आणि पैशाचा आहे. १३ मार्च २०२२ रोजी फ्लायबिगने इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा सुरू केली. ती काही महिन्यांतच थांबली. १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोने गोंदिया-हैदराबाद-तिरुपती उड्डाण सुरू केले. हैदराबाद इथून सरळ रेषेत सुमारे ५१५ किमी, तर इंदूर ४८० किमी. ‘उडान’ योजनेत निम्म्या जागांचे भाडे मर्यादित ठेवून कंपनीचा तोटा भरून दिला जातो, त्यात राज्याचा वाटा २० टक्के. मात्र ही मदत तीन वर्षांपुरतीच. अंतर जितके लांब तितके इंधन जास्त, आणि सत्तर-ऐंशी आसने रोज भरतील याची खात्री कंपनीला हवी असते. त्यात मुंबई विमानतळावर उतरण्याची वेळ मिळवणे हेच मोठे दिव्य. तिथे छोट्या विमानाला जागा देण्यापेक्षा मोठ्या विमानाला देणे कंपन्यांना परवडते. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाल्याने ही कोंडी थोडी सैल होऊ शकते. मात्र तिथे उतरणाऱ्या गोंदियाकराने परळ किंवा मंत्रालयापर्यंतचा रस्ताही हिशेबात धरायला हवा.