भट्टी थंड झाल्यावरचं काम

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत मी फाउंड्रीत मेल्टिंगचा सुपरवायझर होतो. बाहेरच्या माणसाला धोका दिसतो तो वितळलेल्या लोखंडाचा. छातीला धोका असतो तो भट्टी थंड झाल्यावर.

इंडक्शन भट्टीला आतून रॅमिंग मासचं लायनिंग असतं. बहुतेक सगळी सिलिकाच. ते झिजलं की फोडून नवं भरायचं. त्यासाठी माणूस भट्टीच्या पोटात उतरतो आणि चिपिंग हॅमर चालवतो. तापून तापून त्यातल्या काही सिलिकेचं क्रिस्टोबलाइट झालेलं असतं, तेही फुप्फुसाला तसंच घातक. वरून पाहिलं तर खालचा माणूस धुळीत दिसेनासा होतो. तोंडाला रुमाल. रुमालाने अडते ती जाड धूळ. घात करणारे कण चार-पाच मायक्रॉनचे किंवा त्याहून बारीक, ते सरळ आत जातात. हे काम बहुधा ठेकेदाराच्या पोरांकडे असतं, आज या फाउंड्रीत, उद्या शेजारच्या. त्यांच्या छातीचा एक्स-रे कुठल्याच मालकाच्या फायलीत नसतो.

मास्क वाटले की जबाबदारी संपली, हे मला मुळीच मान्य नाही. आधी धूळ उडू द्यायची नाही. भट्टीच्या तळाशी पुश-आउट ब्लॉक बसवला तर हायड्रॉलिकने जुनं लायनिंग सबंध बाहेर ढकलता येतं, आत उतरून फोडत बसावं लागत नाही. फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करताना, ग्राइंडरच्या तोंडाशीच सक्शन हवं. आणि सुट्टीच्या वेळी हवेचा पाइप अंगावर मारून कपडे झटकायची पद्धत आजच बंद व्हावी. शर्टावरची धूळ त्याने पुन्हा नाकात जाते.

दुसरी गोष्ट दवाखान्याची. खोकला, धाप, एक्स-रेवर डाग, की टीबीची औषधं सुरू. पण तो सिलिकेच्या धुळीने होणारा सिलिकोसिसही असू शकतो. सिलिकोसिस झालेल्याला टीबी लवकर गाठतो, त्यामुळे घोळ आणखी वाढतो. पण टीबी औषधाने बरा होतो. सिलिकोसिसवर इलाज नाही, काम सोडल्यावरही तो वाढू शकतो. १९४८च्या फॅक्टरी अ‍ॅक्टने हा आजार सरकारला कळवणं डॉक्टरवर बंधनकारक केलं. ईएसआय या कामगार विमा योजनेत त्याची भरपाईही आहे. पण ‘काम काय करतोस?’ हे कुणी विचारलंच नाही, तर कागदावर टीबी उरतो आणि घरच्यांचा हक्क बुडतो.

राजस्थानने सिलिकोसिसच्या रुग्णांसाठी २०१९मध्ये वेगळं धोरण आणलं. महाराष्ट्राने निदान लायनिंगवाल्या प्रत्येक पोराला स्वतःचं आरोग्य कार्ड द्यावं. ठेकेदार बदलला तरी ते त्याच्याजवळच राहील, आणि एक्स-रे दरवर्षी, फुकट.

लहान फाउंड्रीवाले खर्चाचं सांगतात, ते खोटं नाही. म्हणून मी कास्टिंग घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांना सांगतो: तुमची माणसं ऑडिटला येतात, कास्टिंगमधलं एकेक ब्लोहोल, हवेची पोकळी, शोधतात. त्याच फॉर्मवर एक रकाना वाढवा, लायनिंग कसं काढता? आणि पुश-आउट बसवणाऱ्याला दरात तेवढे पैसे वाढवून द्या.