ऑपरेटरकाका कुठे गेले?

लहानपणी गणपतीच्या दिवसांत आमच्या गल्लीत रस्त्यावर पडदा बांधून सिनेमा दाखवीत. पुढे जागा मिळाली नाही की आम्ही मुले पडद्याच्या मागे जाऊन बसत असू. तिथून नावे उलटी दिसत आणि नायक डावखुरा होई, पण फुकटच्या सिनेमाबद्दल तक्रार कोण करणार? मशीन मात्र टेबलावर असे, भोवती दोरी आणि शेजारी ऑपरेटरकाका. दोरीच्या आत पाऊल पडले की पाठीत धपाटा बसलाच म्हणून समजा.

आता ते मशीन आपल्या घरात आले आहे. काका मात्र आलेले नाहीत.

इथे अमेरिकेत आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या बेसमेंटमध्ये प्रोजेक्टर आहे. थंडीत चार कुटुंबे जमतात, बटाटेवडे होतात, मराठी सिनेमा लागतो. मुलांच्या कानांवर मराठी पडते, म्हणून मला हा प्रकार फार आवडतो. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडेच बेत होता. प्रोजेक्टर टीपॉयवर ठेवला होता. मध्यंतरात मुले झोतात हात घालून सावल्यांचे ससे आणि हरणे करू लागली आणि आम्ही मोठी माणसे चहाला वर गेलो. परत येऊन पाहते तो मैत्रिणीची चार वर्षांची मुलगी लेन्सपासून हातभर अंतरावर वाकून “आत सिनेमा कुठे आहे?” हे शोधत होती! डोळ्यांना इजा झाली नाही, असे डॉक्टरांनी तपासून सांगितले. पण तोवरचे दोन दिवस तिच्या आईने कसे काढले, ते मी पाहिले आहे.

त्यानंतर मी माहितीपुस्तिका प्रथमच उघडली. (खरे सांगा, तुम्ही उघडली आहे का?) प्रोजेक्टरच्या प्रकाशासाठी ‘आयईसी ६२४७१-५’ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१५ साली आले. त्यात धोक्यानुसार शून्य ते तीन असे गट आहेत. तिसऱ्या गटातले यंत्र घरगुती वापरासाठी नाहीच. आमच्या यंत्रावर ‘आरजी २’ असे लिहिले होते आणि झोताकडे टक लावून पाहू नये, अशी सूचनाही होती. या दुसऱ्या गटात सारा भरवसा आपल्या सवयीवर असतो. प्रखर प्रकाश आला की माणूस पाव सेकंदात पापणी मिटतो किंवा तोंड फिरवतो. पण कुतूहलाने पेटलेले चार वर्षांचे मूल तोंड फिरवीलच असे नाही. शिवाय लहान मुलांच्या डोळ्यातले भिंग मोठ्यांपेक्षा नितळ असते, त्यामुळे निळा प्रकाश आत जास्त पोचतो.

म्हणून प्रोजेक्टरच नको, असे म्हणणारे पालकही मला भेटले. ते मला पटत नाही. भिंतीवरचे चित्र पसरलेले आणि सौम्य असते, त्याला भिण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो लेन्स कुठे ठेवली आहे याचा. टीपॉय म्हणजे नेमकी मुलांच्या डोळ्यांची उंची. भिंतीला खेटून ठेवायचे नवे प्रोजेक्टर तर खालून वर झोत टाकतात, त्यावर रांगते मूलही वाकू शकते. काहींमध्ये कोणी जवळ आल्यास प्रकाश मंद करणारी सोय असते, पण तिच्या जिवावर मुले सोडून चहाला जाऊ नये. यंत्र प्रेक्षकांच्या मागे उंच फळीवर किंवा छताला असावे आणि वायर भिंतीकडेने न्यावी.

जुन्या, दिव्याच्या प्रोजेक्टरची गोष्ट थोडी वेगळी. त्याच्या दिव्यात पारा असतो. दिवा फुटलाच तर मुलांना बाहेर काढावे, खिडक्या उघडाव्यात आणि व्हॅक्यूम मुळीच फिरवू नये. सिनेमा संपताच प्लगही उपटू नये, आतला पंखा थांबेपर्यंत दम धरावा.

आणि मुलांनो, सावल्यांचा खेळ बंद नाही हं! चादर टांगा, मागे साधा टेबललॅम्प लावा. ससा तेवढाच छान दिसतो, आम्ही करून पाहिला आहे.

पुढच्या महिन्यात वर्गात सिनेमा दाखवायचा आहे. प्रोजेक्टर मागच्या भिंतीशी उंच स्टँडवर राहील आणि ऑपरेटरमावशी मी होणार आहे. धपाटे घालणार नाही, पण दोरी लागेल. कोणाच्या गॅरेजमध्ये असल्यास कृपया घेऊन यावी.